शांतिसेना-माघारीचा मुदतविवाद

श्रीलंकेतील भारतीय शांतिसेना ठरावीक तारखेपर्यंत परत न्यावी, या मागणीवरून १९८९ मध्ये भारत व श्रीलंका यांच्यात उद्‌भवलेला वाद. त्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव होते; ते विदर्भातील रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते.

राजीव गांधी व श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे केलेल्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि तमिळ भागास प्रांतिक स्वायत्तता मिळावी, ही कराराची प्रमुख सूत्रे होत. परंतु लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम (लिट्टे) या संघटनेने निःशस्त्रीकरण झुगारल्याने ऑक्टोबर १९८७ पासून शांतिसेनेस तिच्याशीच लढावे लागले. जानेवारी १९८९ मध्ये अध्यक्षपदी आलेले रणसिंघे प्रेमदासा मुळातच या कराराविरुद्ध होते. त्यांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि १ जून १९८९ रोजी, २९ जुलैपर्यंत शांतिसेना परत न्यावी, अशी जाहीर मागणी केली.

भारताने माघार नाकारली नाही. एकतर्फी मुदत मात्र अमान्य केली. माघारीचे वेळापत्रक उभयपक्षी ठरावे आणि तमिळांची सुरक्षितता व सत्तेचे विकेंद्रीकरण यांच्याशी ते निगडित असावे, अशी भारताची भूमिका होती. तीत एक अंगभूत दौर्बल्य होते. शांतिसेना श्रीलंका सरकारच्या विनंतीवरून गेली होती. त्याच सरकारने संमती काढून घेतल्यावर परभूमीवर राहण्याचा तिचा वैध आधार डळमळीत झाला.

अखेर २९ जुलै रोजी काही तुकड्या परतल्या. १८ सप्टेंबरच्या समझोत्यानुसार २० सप्टेंबरपासून आक्रमक कारवाया थांबल्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत माघार पूर्ण करण्याचे प्रयत्न करावयाचे ठरले. डिसेंबरमध्ये भारतात सत्तांतर होऊन विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. अखेरची तुकडी २४ मार्च १९९० रोजी श्रीलंकेतून निघाली. या मोहिमेत हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

माघारीच्या सुमारास उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारतात आश्रय घ्यावा लागला आणि जून १९९० मध्ये लिट्टे व श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. मुदतीविरुद्धची भारताची शंका अशा रीतीने खरी ठरली. तथापि यजमान राष्ट्राच्या संमतीवाचून परकी सेना तेथील शांततेची हमी देऊ शकत नाही, हेही या विवादाने स्पष्ट झाले.