बटण एकदाच दाबले, तरी मोजणी पुढे का धावते?

डिजिटल काउंटरला साधे पुश-बटण जोडून ते एकदा दाबले, तर १ ऐवजी कधी ४, तर कधी ७ हा आकडा उमटतो. परिपथ जुळवणारा विद्यार्थी प्रथम आयसीला दोष देतो. वस्तुतः आयसी आपले काम चोख बजावत असते. मोजणी बिघडते ती बटणातील धातूच्या पट्ट्यांमुळे.

या पट्ट्या लवचीक असतात. एक दुसरीवर आदळली की ती, जमिनीवर टाकलेल्या चेंडूप्रमाणे, काही वेळा उसळते आणि मगच स्थिरावते. बटण सोडतानाही बहुधा असेच घडते. याला ‘स्विच बाउन्स’ म्हणतात आणि त्यावरील उपायाला ‘डिबाउन्सिंग’. हा सारा प्रकार काही मिलिसेकंदांत आटोपतो. घरातील दिव्याला त्याचे सोयरसुतक नसते. आपल्या मतदान यंत्रात एक मत नोंदले जाताच यंत्र बंद होते आणि अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरील बटण पुन्हा दाबेपर्यंत पुढचा दाब मोजलाच जात नाही. अडचण येते ती प्रत्येक स्पर्शाला नवा दाब मानणाऱ्या परिपथांत. डिजिटल गेट नॅनोसेकंदांत प्रतिसाद देते. त्याच्या दृष्टीने एक मिलिसेकंद म्हणजे युगच!

यावरील सर्वांत निर्दोष उपाय म्हणजे दुहेरी संपर्काचा स्विच आणि परस्परांना जोडलेली दोन नँड गेट, अर्थात लॅच. स्विचचा मधला पाय जमिनीला, म्हणजे ० व्होल्टला जोडतात. दोन्ही बाजूंचे संपर्क रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टवर ठेवून लॅचच्या दोन प्रवेशांना देतात. पट्टी नव्या संपर्काला पहिल्यांदा शिवताच लॅच पालटते. ती उसळून अधांतरी गेली, तर दोन्ही प्रवेश ५ व्होल्टवर येतात आणि लॅच आहे त्याच स्थितीत राहते. पट्टी उसळून थेट पलीकडच्या संपर्कापर्यंत पोहोचत नाही, एवढीच काय ती अट. येथे कोणताही कालावधी ठरवावा लागत नाही, हे या रचनेचे खरे सौंदर्य. मात्र असा स्विच महाग पडतो आणि तारही एक अधिक लागते.

दोन तारांच्या साध्या बटणाला रेझिस्टर व कपॅसिटर जोडतात. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतल्यास त्यांचा गुणाकार १० मिलिसेकंद येतो. त्यामुळे व्होल्टेज झटक्याने न बदलता सावकाश बदलते. अनेक जण येथेच थांबतात, आणि तेथेच फसतात. संथपणे चढणारे व्होल्टेज साध्या गेटला दिल्यास ते उंबरठ्याशी घुटमळते व गेट स्वतःच थरथरू लागते. म्हणून पुढे ‘श्मिट ट्रिगर’ हवा. ७४१४ या आयसीत चढताना सुमारे १.७ व्होल्टला, तर उतरताना सुमारे ०.९ व्होल्टला बदल होतो. मधल्या चढउतारांकडे ती लक्षच देत नाही. ही कल्पना अमेरिकेतील ऑटो श्मिट यांना १९३४ मध्ये सुचली, तीही माखलीच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना!

मायक्रोकंट्रोलर असेल, तर हे काम आज्ञावलीकडे सोपवता येते. दर ५ मिलिसेकंदांनी बटणाची स्थिती वाचावी आणि सलग काही वेळा ती सारखी आढळली, तरच ग्राह्य धरावी. बटण थेट इंटरप्टला जोडण्याचा मोह मात्र टाळावा; प्रत्येक उसळी प्रोसेसरला हातातील काम सोडायला लावते.

किती काळ थांबावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जॅक गॅन्सल या अमेरिकी अभियंत्याने १८ प्रकारचे स्विच प्रत्येकी शेकडो वेळा दाबून तपासले. दोन अपवाद वगळता उसळीचा सरासरी काळ सुमारे १.६ मिलिसेकंद आणि कमाल ६.२ मिलिसेकंद निघाला. वगळलेल्यांपैकी एक बटण मात्र सोडल्यानंतर तब्बल १५७ मिलिसेकंद थरथरत राहिले.