चांद्याच्या वेशीवरील सिंह आणि बिंदो पक्षी

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाला चार वेशी व पांच खिडक्या आहेत. वेशींवर गोंड राजांचें चिन्ह कोरलेलें आहे: सिंहाच्या रूपाचा एक अद्भुत प्राणी हत्तीवर मात करीत आहे. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्राणी सांपडावयाचा नाहीं. परंतु लहान मुलांसाठीं चित्रांचें पुस्तक ही वस्तूच जेव्हां नव्हती, तेव्हां आईच्या कडेवरून बाजारास निघालेल्या मुलाला हेंच पान उघडें होतें.

नगराच्या जन्माची दंतकथाहि अशीच नवलाची. खांडक्या बल्लाळशाह राजा शिकारीस गेला असतां एक ससा कुत्र्याचा पाठलाग करतांना त्याला दिसला. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. अखेरीस कुत्र्यानें उलटून सशास मारलें. राणीनें हा शकुन ओळखला आणि त्या धांवेच्या मार्गावरच कोट बांधावा असें सुचविलें. इतिहासकार हिला पुरावा म्हणणार नाहीं. पण आपल्या गांवची तटबंदी कोठून कोठें जाते हें मुलाच्या मनांत ठसविण्यास याहून सोपा नकाशा कोणता?

श्रोतेहो, अद्भुत म्हणजे पोरखेळ, ही आपली नागर समजूत आहे. गोंडांमध्यें तें इतिहासाचें वाहन आहे. परधान गायक किंगरीवर लिंगोची कथा गातात. बंदींत पडलेल्या गोंडांना सोडविण्यासाठीं लिंगो काळ्या बिंदो पक्ष्याचीं पिलें शोधीत समुद्रकांठीं जातो. पिलें गिळणाऱ्या भौरनाग सर्पास तो मारतो, आणि कृतज्ञ झालेले पक्षी त्याला महादेवाकडे घेऊन जातात. पुढें पूर आला असतां मगर दगा देते, कांसव तारतें. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं ही कथा टिपून घेतली. 1863 सालीं ते वारले, व 1866 सालीं रिचर्ड टेंपल यांनीं त्यांचे कागद छापले. परंतु तें पुस्तक विद्वानांचें होतें. ज्यांच्या घरची कथा, त्या मुलांचें नव्हे.

मराठी मुलांच्या हातीं छापील अद्भुत आलें तें बहुतांशीं दुसऱ्या दिशांनीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी गोष्टी मराठींत आणल्या. आणि 1947 सालीं मद्रासेंत निघालेल्या ‘चांदामामा’च्या मराठी भावंडानें, म्हणजे ‘चांदोबा’नें, वेताळ व राक्षस रंगांत दाखविले. त्यांचें ऋण मोठें आहे. तरी त्या गर्दींत बिंदो पक्षी फारसा दिसला नाहीं.

पुढें मध्य प्रदेशांतील पाटणगढच्या परधानांनीं एक वाट दाखविली. त्यांच्यांतील जनगढ सिंग श्याम यांची भिंतीवरील चित्रकला 1982 च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनांत कागदावर उतरली. 2006 सालीं भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंग उर्वेती यांच्या चित्रांचें, रात्रीं उजळणाऱ्या झाडांचें पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सनें काळ्या कागदावर हातानें छापलें. 2008 मध्यें बोलोन्याच्या बालपुस्तक-प्रदर्शनांत त्याला पारितोषिक मिळालें. गोंडांचें अद्भुत इटलीपर्यंत गेलें. मग तें एटापल्ली, भामरागडपर्यंत कां जाऊं नये?

1982 सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत अनेक मुलांची घरची बोली माडिया किंवा गोंडी आहे. अशा मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशीं मराठी अक्षर परकें वाटतें. चित्र परकें वाटत नाहीं. कांसव पाहून तो त्याचें नांव आपल्या बोलींत सांगेल, आणि तेथून शब्द पुढें चालूं लागेल. पण त्यासाठीं चित्रांतलें कांसव त्याच्या आजीच्या गोष्टींतलें हवें. त्या गोष्टी जाणणाऱ्या आज्या आज आहेत, उद्यां असतीलच असें नाहीं. वेशीवरचा दगडी सिंह थांबेल. त्या थांबणार नाहींत.