परराज्यातली जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग पैसे

आपल्या बेळगावकरांचे अर्धे गणगोत कोल्हापूर-पुण्याकडे आणि उरलेले गोव्यात. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची म्हटली की पहिला फोन तिकडेच जातो. ‘भावजींच्या ऑफिसातले एकजण गाडी काढताहेत, एका हातात वापरलेली आहे, इथल्यापेक्षा लाखभर स्वस्त आहे.’ गेल्या काही वर्षांत मंडळाच्या बऱ्याच सभासदांनी अशा व्यवहाराबद्दल मला विचारले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. मी वाहनतज्ज्ञ नाही. बँकेत कर्ज विभागात नोकरी झाली, म्हणून कागदांची थोडी ओळख आहे, इतकेच.

आधी ते ‘लाखभर स्वस्त’ तपासू. गोव्याची किंवा महाराष्ट्राची गाडी कायमची बेळगावात ठेवायची, तर तिला केए-२२ नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो. मूळ मालकाने त्याच्या राज्यात भरलेला कर इथे धरत नाहीत. हा कर आपण दिलेल्या किमतीवर बसतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो तसा नाही. गाडी नवी असतानाची किंमत आणि आजचे वय यांवरून तो काढतात. म्हणजे तुम्ही घासाघीस करून पन्नास हजार कमी केलेत, तरी कर एक पैशानेही कमी होत नाही. कर्नाटकाचे दर देशातल्या चढ्या दरांपैकी आहेत. म्हणून सौदा ठरवण्याआधी मूळ बिलाची प्रत मागून घ्या आणि ती घेऊन इथल्या आरटीओत आकडा विचारून या. जुन्या राज्यातून उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो, पण ते काम नवी नोंदणी झाल्यानंतरचे आणि वेळखाऊ. त्यासाठी विकणाऱ्याचे सहकार्य लागते, तेव्हा ही रक्कम कोणाची हे विक्रीच्या करारातच लिहून घ्यावे.

‘बारा महिने जुन्या नंबरवर चालते की’ हे वाक्यही कानावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये १२ महिन्यांची मुदत आहे हे खरे. पण ती नंबर बदलून घेण्यापुरती, म्हणजे बदली होऊन स्वतःची गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या उपयोगाची. विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होते. त्याने ३० दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. काहीजण चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी करून घेतात आणि फिरवतात बेळगावात. मी तो सल्ला कोणालाही देत नाही. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीच्या आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर त्या पाहुण्यांना द्यावे लागेल.

आता कर्जाचा बोजा. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा आरसीवर ‘हायपोथिकेशन’चा शेरा असतो. कर्ज फिटले म्हणून तो आपोआप जात नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो उतरवून घ्यावा लागतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी पुण्यातल्या एका सज्जन गृहस्थांकडून गाडी घेतली. कर्ज फिटून तीन वर्षे झाली होती, बँकेचा दाखलाही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. मी तो पाहिला आणि पूर्ण पैसे देऊन गाडी घेऊन आलो. दाखल्याची मुदत कधीच संपलेली होती आणि आरसीवरचा शेरा तसाच होता. कर्जदाराच्या नावाने नवा दाखला काढायला गेलो, तर ती शाखा दरम्यान दुसऱ्या शाखेत विलीन झालेली आणि फाइल तिसऱ्याच गावी. बँकेची संमती नाही म्हणून आरटीओची एनओसी नाही, एनओसी नाही म्हणून इथली नोंदणी नाही. पाच महिने गाडी दारात कव्हर घालून उभी होती. शेकडो लोकांना फॉर्म ३५ देणाऱ्या माणसाने स्वतःची आरसी वाचली नाही, हे वाक्य आमच्या सौ. अजूनही पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतात.

त्यावरून शिकलेला क्रम असा. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर नंबर टाकून आरसीची स्थिती आणि विम्याची तारीख पाहावी, थकलेली ई-चलने पाहावीत. बोजा दिसला आणि कर्ज चालू असले, तर विकणाऱ्यासोबत त्याच्या शाखेत जावे, कर्जबंदीची रक्कम लेखी घ्यावी आणि तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरावेत, त्याच्या बचत खात्यात नव्हे. मग बोजा उतरवणे आणि बेळगावच्या नावाने फॉर्म २८ ची एनओसी. कोणत्या आरटीओकडे गाडी जाणार हे तिच्यावर लिहिलेले असते, तेव्हा ‘कर्नाटक’ एवढेच सांगून भागत नाही. एनओसी हाती आल्यावर उरलेली रक्कम द्यावी. त्याच वेळी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात. सही आरसीवरच्या नावाच्या माणसाचीच हवी, मुलाची किंवा मेहुण्याची चालत नाही. इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७ भरावा लागतो आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. चॅसिस नंबर गंजून पुसट झाला असेल तर तिथे अडते, म्हणून तो खरेदीआधीच आरसीशी ताडून पाहावा.

पैसे खात्यातून खात्यातच द्यावेत. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्यालाही सांगावे. रोखीचा आग्रह बहुधा तिथेच मावळतो.

गाडी तपासायला मेकॅनिक सोबत न्याच. पण आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल, तर ती ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरात उभी होती का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का पाहावे, पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्यावा, स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा. गोव्याची असेल तर खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असू शकतो. शिवाय तिथे भाड्याने देण्याच्या गाड्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या असतात. अशी गाडी पुढे खाजगी करून विकलेली असेल, तर ‘एका हातातली’ म्हणजे शेकडो हातांतली. आरसीवरच्या जुन्या नोंदी विचाराव्यात.

विम्याबाबत दोनच ओळी. कलम १५७ प्रमाणे तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावे करून घेतली नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. ‘नो क्लेम बोनस’ विकणाऱ्याचा, तो त्याच्याकडेच राहतो. फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागते.

हे सारे विकणाऱ्यालाही लागू आहे, आणि आपल्यातले बरेचजण पुढे-मागे विकणारेही असतातच. परराज्यात गाडी विकली, तर ४५ दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचे असते. ‘तो करून घेईल’ म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे होणारे पुष्कळ. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. त्या गाडीचे नाव न बदलता एकामागून एक व्यवहार झाले होते. म्हणून गाडीची किल्ली देताना तारीख आणि वेळ घातलेली पोच घ्यावी, घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवावी आणि महिन्याभराने अ‍ॅपवर आपला नंबर टाकून नाव बदलले का ते पाहावे.

फास्टॅगचे बहुतेकजण विसरतात. विकणाऱ्याने आपला टॅग बंद करायचा असतो, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून जात राहतो. मला त्या पुण्याच्या गृहस्थांचा पहिला रागाचा फोन आला तो यासाठीच. आणि केए-२२ नंबर मिळाला की जुनी पाटी चालत नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट नव्याने बसवावी लागते, तिचे पैसेही हिशेबात धरावेत.