टॅगाबाहेर न जाणारं व्हेरिएबल

जावा लिहिलेला माणूस एक्सएसएलटी या एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेकडे वळला की लवकरच अडतो. ‘इफ’ टॅगच्या आत व्हेरिएबल केलं. टॅग बंद होताच ते नाव गेलं. बरं, बाहेर आधी शून्य ठेवून आत बदलू म्हटलं, तर किंमत बदलण्याची सोयच नाही. शेवटी उलटं करावं लागतं: व्हेरिएबल बाहेर, आणि अट त्याच्या पोटात.

या हट्टाची वंशावळ एक्सएमएलपेक्षा जुनी आहे. मॅकार्थी यांच्या सुरुवातीच्या लिस्पमध्ये फंक्शनला हाक मारणाऱ्याची व्हेरिएबल्सही दिसत. नावाचा अर्थ कोणी बोलावलं यावर ठरे. अल्गोल ६० ने मात्र नाव ज्या ब्लॉकमध्ये लिहिलं तिथेच बांधून ठेवलं. १९७५ मध्ये एमआयटीत सस्मन आणि स्टील यांनी स्कीम रचली, तेव्हा लिस्पच्या कंसांत अल्गोलची ही शिस्त आली. पुढे एक्सएमएलच्या आधीच्या एसजीएमएल दस्तऐवजांच्या मांडणीसाठी डीएसएसएसएल हे आयएसओ मानक १९९६ मध्ये आलं. त्याची भाषा स्कीमवरच बेतलेली, किंमत बदलणाऱ्या क्रिया वगळून. त्याचा ‘जेड’ हा प्रोसेसर लिहिणारे जेम्स क्लार्क हेच १६ नोव्हेंबर १९९९ च्या एक्सएसएलटी १.० चे संपादक. गोल कंस जाऊन टोकदार कंस आले, एवढाच काय तो वेशपालट.

असाइनमेंट, म्हणजे किंमत बदलण्याची सोय, का नाही, याचं कारण १.० च्या मजकुरातच दिलं आहे: ती आली तर दस्तऐवज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने चालवण्यापलीकडे प्रोसेसरला वेगळं काही करणं अवघड होईल. हे मला पटतं. पण एकाच टेम्प्लेटमधलं व्हेरिएबल आतल्या टॅगमध्ये त्याच नावाने पुन्हा करायलाही १.० ने बंदी घातली होती, तो मात्र सोवळेपणा वाटतो. ग्लोबल नाव झाकलेलं चाले, लोकल नाही. मायकेल के यांनी संपादित केलेल्या २.० ने २००७ मध्ये ही बंदी काढली.

त्याच आवृत्तीत टनेल पॅरामीटर आले, आणि इथे गंमत आहे. मधल्या टेम्प्लेटांना पत्ता नसताना किंमत थेट खालच्या टेम्प्लेटपर्यंत पोहोचते. स्कीमने घराबाहेर काढलेला जुन्या लिस्पचा स्कोपच हा. फरक इतकाच, की पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ‘टनेल’ असं स्पष्ट लिहावं लागतं.