नाव, अंक आणि वस्तू : मध्यम श्रेणीच्या ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र लक्षावधी बिंदूंचे बनलेले असते. त्या बिंदूंचे रंग ठरविण्याचे गणित करणारा स्वतंत्र भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आहे ते कार्ड चालवावे, की मध्यम किमतीचे नवे घ्यावे, हा प्रश्न वरकरणी केवळ ग्राहकाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी नाव व नामित वस्तू यांच्या संबंधाचा जुना प्रश्न आहे. कार्डाच्या नावातील वाढता अंक हा प्रगतीचा दाखला आहे असे गृहीत धरून ग्राहक निर्णय घेतो. तो दाखला कितपत ग्राह्य आहे, हे या वस्तूच्या इतिहासावरूनच ठरविता येते.

१. श्रेणीची उत्पत्ती

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्या वेळी त्यासोबत दोन कार्डे उपलब्ध होती. एक केवळ अक्षरे दाखवी, परंतु ती अत्यंत सुस्पष्ट. दुसरे रंगीत चित्रे काढी, परंतु त्यावरील अक्षरे त्या मानाने ओबडधोबड दिसत. या दोहोंत वरचे कोणते व खालचे कोणते, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पत्रव्यवहार करणाऱ्याने पहिले घ्यावे, चित्रे हवी असणाऱ्याने दुसरे. निवड कामावरून होत होती आणि नावेही कामावरूनच पडली होती : एकाचे नाव ‘मोनोक्रोम’, तर दुसऱ्याचे ‘कलर’. १९८४ साली ईजीए व १९८७ साली व्हीजीए ही कार्डे आली, तीही वर्णनात्मक नावे घेऊनच.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ हे कार्ड निघाले. ते फक्त त्रिमितीय चित्रांचे काम करी. नेहमीचे काम जुन्या कार्डाकडेच राही आणि दोन्ही कार्डे बाहेरून एका तारेने जोडावी लागत. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ आणले. आकृतींची स्थाने व त्यांवरील प्रकाश यांचे गणित तोपर्यंत मुख्य प्रोसेसरवर पडत असे. ते या कार्डाने स्वतःकडे घेतले. पुढच्याच वर्षी, २००० साली, ‘जीफोर्स २’ या एकाच कुलनामाखाली महाग ‘जीटीएस’ आणि स्वस्त ‘एमएक्स’ अशी भावंडे विक्रीस आली. येथून कार्डांच्या श्रेणी रूढ झाल्या. नाव वस्तूचे काम सांगेनासे झाले. ते तिचे बाजारातील स्थान सांगू लागले.

२. नामव्यवस्थेतील तीन विसंगती

स्थानदर्शक नावाने दोन गोष्टी निश्चितपणे सांगावयास हव्यात : पिढी कोणती आणि त्या पिढीत पायरी कोणती. परंतु प्रत्यक्षात तीन प्रकारच्या विसंगती वारंवार आढळतात.

पहिली, अंक पुढचा आणि वस्तू मागची. २००१ सालच्या ‘जीफोर्स ३’ मध्ये चित्ररचनेचे नियम खेळ लिहिणाऱ्यास स्वतः ठरविता येत. २००२ सालच्या ‘जीफोर्स ४ एमएक्स’ मध्ये मात्र ही सोय नव्हती. तीन या अंकाला जे साध्य होते, ते चार या अंकाला असाध्य ठरले. आणि ती सोय अनिवार्य मानणारे खेळ येऊ लागताच चारवाल्या ग्राहकाच्या पदरी निराशा आली.

दुसरी, नावे दोन आणि वस्तू एक. २००७ सालचे ‘८८०० जीटी’ व २००८ सालचे ‘९८०० जीटी’ ही बहुतांशी एकच रचना होती. एएमडीचे २०१७ सालचे ‘आरएक्स ५८०’ हेदेखील २०१६ सालच्या ‘आरएक्स ४८०’ चेच किंचित वेगवान रूप होते. भाषेत ज्यांना पर्यायशब्द म्हणतात, तद्वतच ही जोडी मानावी लागते.

तिसरी, नाव एक आणि वस्तू दोन. २०१६ साली ‘जीटीएक्स १०६०’ हे कार्ड ६ गिगाबाइट व ३ गिगाबाइट मेमरीच्या दोन रूपांत निघाले. त्यांत भेद केवळ मेमरीचा असावा असे नावावरून वाटे. परंतु पहिल्यात १,२८० गणनकेंद्रे होती, तर दुसऱ्यात १,१५२. हे उघडच अनेकार्थी शब्दाचे उदाहरण होय.

अशा अनेकार्थतेला वापरणारा समाज केव्हा केव्हा हरकतही घेतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाने दोन भिन्न कार्डे घोषित झाली. टीका इतकी झाली की, ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यांतील १२ गिगाबाइटांचे कार्ड मागे घेतले आणि नाव योग्य पडले नव्हते असे स्वतःच मान्य केले. तेच कार्ड जानेवारी २०२३ मध्ये ‘४०७० टीआय’ या नावाने, १०० डॉलर कमी किमतीस विक्रीस आले.

३. ‘साठ’ या प्रत्ययाचा अर्थ

एनव्हिडियाच्या कार्डांत मध्यम श्रेणीचे चिन्ह म्हणून ‘६०’ हा अंत्य अंक रूढ आहे. त्याचा अर्थ स्थिर राहिला काय? १०६० ची ६ गिगाबाइटांची आवृत्ती २४९ डॉलरला घोषित झाली. २०१९ सालचे २०६०, मेमरी तितकीच, ३४९ डॉलरला. २०२१ सालचे ३०६०, १२ गिगाबाइट, ३२९ डॉलरला. २०२३ सालचे ४०६०, ८ गिगाबाइट, २९९ डॉलरला. आणि २०२५ सालचे ५०६०, तितक्याच मेमरीचे, तितक्याच किमतीस. म्हणजे ३०६० कडून ४०६० कडे जाताना मेमरी एक तृतीयांशाने घटली. मेमरीकडे जाणारा मार्गही १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आला. उलटपक्षी विजेची कमाल गरज १७० वॅटवरून ११५ वॅटपर्यंत उतरली, आणि अरुंद मार्गाची उणीव भरून काढण्यासाठी चिपमधील जवळचा साठा ३ मेगाबाइटांवरून २४ वर नेण्यात आला. येथे प्रगती झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती एका दिशेने झाली आणि दुसऱ्या दिशेने माघार घेण्यात आली, एवढेच म्हणता येते. कृत्रिम चौकटी मध्ये घालण्याची युक्ती वगळली, तर वेगातील वाढ सरासरी सुमारे २० टक्के असल्याचे कंपनीच्याच निवेदनात होते.

घोषित किंमत हीदेखील केवळ नाममात्र असू शकते. २०२१ साली आभासी चलनाच्या उत्खननासाठी कार्डांना एवढी मागणी होती की, घोषित किमतीस ती मिळणे दुरापास्त झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच सोडली, तेव्हा त्या मागणीचा मोठा आधार नाहीसा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करणाऱ्यास तर डॉलरमधील आकड्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवूनच विचार करावा लागतो.

४. प्रमाणभेद व प्रकारभेद

या साऱ्या इतिहासातून एक उपयुक्त विवेक हाती येतो. दोन कार्डांतील भेद कधी प्रमाणाचा असतो, कधी प्रकाराचा. जुने कार्ड एक काम सावकाश करते आणि नवे जलद, हा प्रमाणभेद. जुन्याला ते काम करताच येत नाही, हा प्रकारभेद. १९९६, २००१ आणि किरणमार्गावरून प्रकाश काढणारी यंत्रणा आणणारे २०१८, ही वर्षे प्रकारभेदाची होत. मधला काळ मुख्यतः प्रमाणभेदाचा आहे. नावातील अंक मात्र दोन्ही प्रसंगी सारख्याच डौलाने वाढत जातो. कोणता भेद झाला, हे तो सांगत नाही.

या कसोटीवर आजच्या दोन ग्राहकांची स्थिती पाहता येईल. पहिल्याजवळ १०६० आहे. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ हे खेळ किरणमार्गाची यंत्रणा अनिवार्य मानतात, ती या कार्डात नाही. शिवाय त्याच्या पिढीसाठी खेळांना अनुरूप असे नवे ड्रायव्हर काढणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबले असून, यापुढे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. असे खेळ खेळावयाचे असतील, तर त्याच्या बाबतीत बदल सयुक्तिक आहे.

दुसऱ्याजवळ ३०६० आहे आणि तो मराठी मजकुरावर भाषा-प्रारूपे चालवू पाहणारा संशोधक विद्यार्थी आहे. आठ अब्ज प्राचलांचे प्रारूप, दर प्राचलास एक बाइट या हिशेबाने, ८ गिगाबाइट जागा घेते. प्रत्यक्ष कामासाठी लागणारी जागा निराळीच. १२ गिगाबाइटांत ते मावते, ८ गिगाबाइटांत मावत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे साठवून त्याने नावातला अंक पाहून ४०६० अथवा ५०६० घेतले, तर काल चालणारे काम आज अडेल. त्याच्यासाठी पुढचा अंक ही मागची पायरी ठरते.

प्रमाणभेदासाठीच खर्च करावयाचा असेल, तर अडसर नेमका कोठे आहे हे आधी तपासणे अगत्याचे असते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लक्ष बिंदू असतात, २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लक्ष. लहान पडद्यावर पुष्कळदा मुख्य प्रोसेसरच मागे पडतो, आणि मग नवे कार्ड रिकामे बसून राहते. तपासणीची रीत सोपी आहे : चित्राची रुंदी-उंची कमी करूनही वेग वाढत नसेल, तर दोष बहुधा कार्डाचा नव्हे. तसेच ४०६० हे मदरबोर्डाशी १६ ऐवजी ८ वाहिन्यांनी जोडले जाते. जुन्या मदरबोर्डावर प्रत्येक वाहिनीचा वेग निम्मा असल्याने मेमरी अपुरी पडताच ही उणीव जाणवू लागते.

५. उपसंहार

१९८१ सालच्या ग्राहकाला कार्डाचे नावच त्याचे काम सांगत असे. आजच्या ग्राहकाला ते वर्णन मेमरी, मार्गाची रुंदी, विजेची गरज व साध्य कामे यांच्या तक्त्यातून स्वतः रचून घ्यावे लागते. नामव्यवस्था विक्रेत्याच्या सोयीने बनली असल्याने तिचा दोष देत बसण्यात अर्थ नाही. तथापि तिला वर्णन समजून पैसे मोजणे हे मात्र ग्राहकाच्याच हातून घडते. कोणते काम आज अडते आहे, या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते, त्याने कार्ड बदलावे. ज्याला ते देता येत नाही, त्याने पुढचा प्रकारभेद येईपर्यंत जुन्यावरच निर्वाह करणे इतिहासाला धरून होईल.