गैरवर्तन

कामगार संघटनेच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला 'गैरवर्तन' हा शब्द फार ओळखीचा असतो. आरोपपत्राच्या पहिल्या ओळीत तो भेटतो आणि बडतर्फीच्या पत्राच्या शेवटच्या ओळीतही तोच भेटतो. या शब्दाच्या पोटात काय काय मावते याला एक इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण मराठीच्या एका अध्यापकाचे आहे. ते आज आम्ही सांगणार आहो.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांच्या विभागात ते प्रपाठक होते, विभागप्रमुखही होते. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या पुस्तकाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मराठी मुलखापासून इतक्या दूर राहून मराठी शिकविणारा हा माणूस निवृत्तीच्या अगदी जवळ आलेला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसली. आत ते होते आणि एक रिक्षावाला. दोघे प्रौढ, दोघे राजीखुशीने एकत्र आलेले. घुसणाऱ्यांनी चित्रण केले. दुसऱ्याच दिवशी सिरसांना गैरवर्तनाबद्दल निलंबित करण्यात आले आणि क्वार्टर सोडण्याचाही हुकूम निघाला. घरात घुसणाऱ्यांचे वर्तन राहिले बाजूला; ज्याच्या घरात घुसले त्याचे तेवढे गैर ठरले.

आता तारखा नीट पाहाव्या. भारतीय दंड संहिता १८६० सालची. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये केलेल्या मसुद्यातून ती निघाली. तिच्या ३७७ व्या कलमात 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रौढांच्या संमतीने खाजगीत घडणाऱ्या संबंधाला हे कलम लावता येणार नाही. म्हणजे अलीगढची घटना घडली तेव्हा या निकालाला सात महिने होऊन गेले होते. फौजदारी कायद्यातून बाहेर काढलेला गुन्हा नोकरीच्या नियमांच्या मागल्या दाराने पुन्हा आत आला! पोलिसांना खटला भरावा लागतो, साक्षीदार लागतात, न्यायाधीश लागतो. निलंबनाला एक टंकलिखित कागद पुरतो. कामगाराला तुरुंगाचे भय क्वचित वाटते, नोकरीचे मात्र रोज वाटते. आणि घर मालकाचे असेल तर नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही जाते.

वस्तुतः मालकाची सत्ता कोठवर चालते हे १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. मीरतच्या कामगार न्यायालयातून वर गेलेला एका औषध कंपनीचा तो खटला. स्थायी आदेशांतील शिस्तीचे नियम कारखान्याच्या आवारापुरते आणि लगतच्या जागेपुरते. त्यापलीकडे कामगार काय करतो यावर मालकाला पहारा ठेवता येत नाही. प्राध्यापकाला हा निकाल सरळ लागू होत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण मीरत ते अलीगढ हे अंतर काही फार नव्हे.

या विषयावर बोलणे हेच गैरवर्तन, ही समजूतही जुनीच. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आम्ही कामगारांच्या सभांतून त्या पक्षाचा वारसा पुष्कळ सांगितला. हा खटला कधी सांगितला नाही.

सिरस न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या जागेत मृतावस्थेत सापडले. त्यांच्या मृत्यूचा उलगडा न्यायालयात कधी झाला नाही. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून कायमचे सोडविले.

त्याच २०१० च्या सुमारास आमच्या एका कारखान्यातला, पॅकिंग खात्यातला एक पोरगा आमच्याकडे आला होता. सोबतचे कामगार त्याच्या चालण्याची नक्कल करीत, त्याच्या डब्यात माती टाकीत. मुकादमाने त्यावर उपाय म्हणून त्यालाच कायमची रात्रपाळी लावली. "दादा, माझं काय चुकलं?" एवढेच तो विचारीत होता. आम्ही त्याला सांगितले, "बाबा, ही तुझी खाजगी बाब. हा युनियनचा प्रश्न नव्हे." रात्रपाळी ही खाजगी बाब कशी, हे आमच्या डोक्यात आले नाही. आठ दिवसांनी त्याने हिशेब घेतला. राजीनाम्यावर साक्षीदार म्हणून आमची सही आहे.

ज्या देशाने आम्हांला ते कलम दिले, तेथल्या कामगारांची गोष्ट आम्ही फार उशिरा वाचली. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी डबे फिरवून वेल्समधील ड्युलाइस खोऱ्यातल्या संपकऱ्यांसाठी पैसे जमविले. संप हरला. पण जून १९८५ मध्ये लंडनला समलिंगींची मिरवणूक निघाली तेव्हा खाणकामगार आपले निशाण घेऊन तिच्या अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समान हक्कांचा ठराव मंजूर झाला तो त्यांच्या युनियनच्या मतांसह. आमच्या पोराने तर आमच्याकडे निशाणही मागितले नव्हते. पाळी बदलून मागितली होती.

मागच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: लैंगिक कलावरून कोणाही कामगाराची पाळी, खाते, बढती किंवा राहण्याची जागा बदलता येणार नाही. पहिला आक्षेप व्यवस्थापनाचा नव्हता, आमच्याच कमिटीचा होता, आणि दोन बैठका त्यातच गेल्या. पुढे वाटाघाटीत कलम टिकले. 'राहण्याची जागा' हे शब्द मात्र काढावे लागले.