परक्या मुहावऱ्यांत आपली नावे

उर्दूत मुहावरा, मराठीत वाक्प्रचार, इंग्रजीत ईडियम. नाव काहीही असो, मुलांकडून ते पाठ करून घेणे हे आम्हा शिक्षकांचे नेहमीचे काम. मुलाने अर्थ लिहिला, वाक्यात उपयोग केला की गुण मिळतात. तो कधी जन्मला, कोणाच्या तोंडून निघाला, हे कोणी विचारत नाही. एरवी चालूनही जाते. परंतु काही इंग्रजी वाक्प्रचारांत आपल्या प्रेषितांचे आणि त्यांच्या नातवांचे नाव आलेले आहे. तेथे नुसत्या अर्थावर थांबून भागत नाही.

‘डोंगर मुहंमदाकडे येत नसेल, तर मुहंमदाने डोंगराकडे जावे’ हे वाक्य घ्या. समोरचा हलत नसेल तर आपण पुढाकार घ्यावा, असा त्याचा आजचा अर्थ. तो चांगला आहे, म्हणून आपल्यातले काहीजण भाषणात हे वाक्य हदीस असल्यासारखे सांगतात. प्रत्यक्षात ही गोष्ट कुरआनात नाही, हदीसच्या मान्य संग्रहांतही नाही. इंग्रजीत ती प्रसिद्ध केली फ्रान्सिस बेकन यांनी, १६२५ साली, धिटाईवरील आपल्या निबंधात. प्रेषितांचे निधन इ. स. ६३२ मधले. म्हणजे मध्ये जवळजवळ हजार वर्षे गेली.

बेकन यांच्या निबंधाचा रोखही पाहण्यासारखा आहे. मोठमोठी आश्वासने द्यायची, ती फसली की निर्लज्जपणे वेळ मारून न्यायची, अशा भोंदू माणसांचे उदाहरण म्हणून त्यांनी ही गोष्ट सांगितली. लोकांसमोर डोंगराला हाक मारली, तो आला नाही, तरी चेहऱ्यावर लाज नाही! कुरआनातले चित्र याच्या अगदी उलट आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये मक्केचे लोक झरे, बागा असे चमत्कार मागतात. तेव्हा, मी तर केवळ एक माणूस आणि संदेशवाहक आहे, असे उत्तर देण्याचा प्रेषितांना (स.) आदेश होतो. ज्यांनी चमत्काराचा दावा नाकारला, त्यांच्याच नावावर फसलेला चमत्कार चिकटला.

दुसरा शब्द ‘हॉब्सन-जॉब्सन’. ऐकायला दोन इंग्रज गृहस्थांची आडनावे वाटतात. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसैन!’ हा आक्रोश ऐकला आणि आपल्या जिभेला जमेल तसा तो वळवून घेतला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश तयार केला, त्याला हेच नाव दिले. तो १८८६ साली निघाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारले होते. शब्दाचा अर्थ काय झाला? गडबड, उत्सव, तमाशा! इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसैन शहीद झाले. त्या शोकाचा परक्या कानांना तमाशा वाटला.

मात्र बोट फक्त इंग्रजांकडे दाखवू नये. आपल्या मराठीत ‘हैदोस घालणे’ असे आपण सर्रास म्हणतो. या हैदोसाचे नातेही मोहरमच्या ताबुतापुढील आरोळीशी जोडले जाते. दुःखाचा आवाज येथेही दंगामस्तीच्या अर्थाला लागला. ज्या महाराष्ट्रात गावोगावी हिंदू बांधव ताबुताला खांदा देत आले, तेथेही हे घडले. म्हणून यात दरवेळी द्वेषच असतो असे नाही. दुरून ऐकणाऱ्याला आवाज कळतो, अर्थ कळत नाही.

काही शब्द मात्र इज्जतीने गेले. बुद्धिबळ हिंदुस्थानातून इराणात, तेथून अरबांबरोबर युरोपात पोहोचले. फारसी ‘शाह मात’चे इंग्रजीत ‘चेकमेट’ झाले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडीचे कापड अंथरून होई, म्हणून तेथील खजिन्याला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. बँकेतला चेकही याच कुळातला. आपण ‘शह देतो’, ‘मात करतो’, तेव्हा त्याच शाहाचे नाव घेतो.

आता आपल्यालाही एक पथ्य पाळायला हवे. ‘बाइट द बुलेट’, म्हणजे निमूटपणे त्रास सोसणे, हा वाक्प्रचार १८५७ च्या काडतुसांवरून आला असे अभिमानाने सांगितले जाते. मेरठच्या तिसऱ्या घोडदळातील ८५ शिपायांनी ती काडतुसे नाकारली, हा इतिहास खरा आहे. पण शिपायांना दातांनी तोडायचा होता तो काडतुसाचा कागद, गोळी नव्हे. शिवाय फ्रान्सिस ग्रोस यांच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत, फटके खाताना ओरडू नये म्हणून इंग्रज सैनिक गोळी चावत, अशी नोंद आहे. ती उठावाच्या एकसष्ट वर्षे आधीची. त्या ८५ जणांचा मान एका वाक्प्रचारावर अवलंबून नाही. त्यांच्या नावे चुकीची गोष्ट सांगणे बेकन यांच्या गोष्टीपेक्षा फार वेगळे ठरणार नाही.

आमचे सांगणे एवढेच. डोंगराचा वाक्प्रचार पुस्तकातून काढा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. तो परीक्षेत येईल, मुलांना तो आलाच पाहिजे. पण अर्थाबरोबर १६२५ हे सालही त्यांच्या वहीत लिहिले जावे. घरी एखादे मूल विचारील, ‘अब्बा, ही गोष्ट खरी आहे का?’ तेव्हा रागावण्यापेक्षा किंवा मान डोलावण्यापेक्षा त्याला ते साल दाखवता यावे.